हिप्परग्याचा उथळ काठ राखायचा, तर सोबत कोण कोण हवं?

आदिलाकाठ | शनिवार, रात्री १०:४०

२ फेब्रुवारी, म्हणजे जागतिक पाणथळ दिन, जवळ आला की आपल्याकडे तलावाकाठी बॅनर लागतो, हातमोजे वाटले जातात, बाटल्या-पिशव्या गोळा होतात, गटाचा फोटो निघतो आणि बाराच्या आत मंडळी घरी. बाटल्या उचलण्यात वाईट काहीच नाही. पण त्याला पाणथळ जागेचं पुनरुज्जीवन म्हणायला लागलो की माझं डोकं फिरतं. बाटली उचलली म्हणून काठ सुधारत नाही, आणि पुढच्या रविवारी तिथे नवी बाटली येतेच.

म्हणून हा धागा. विषय फक्त हिप्परगा. सिद्धेश्वर आणि कंबर तलावाचं दुखणं वेगळं आहे, ते सोलापूर शहराच्या पोटात आहेत. हिप्परगा, म्हणजे कागदोपत्री एकरूख तलाव, आदिला नदीवर १८७१ साली पूर्ण झाला. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात एवढं पसरट पाणी हिवाळाभर टिकतं, म्हणून तिथे पट्टकादंब हंस येतात, चक्रवाक येतात, तलवार बदकं आणि थापटे येतात. भरला की सांडव्याचं पाणी आदिलेतून शहराकडे उतरतं. त्यामुळे ‘गावाबाहेरचा तलाव’ म्हणून सोडून देण्यासारखाही तो नाही.

अडचण अशी की तलाव एक आणि धनी पाच. जमीन आणि पाणी जलसंपदा विभागाचं. पिण्यासाठी उपसा महापालिकेचा. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करणारे शेतकरी वेगळे. पक्ष्यांना हात लावला तर वनविभाग. हे पाच जण एका चटईवर बसलेत असं मी तरी ऐकलेलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात: सगळा तलाव डोक्यावर घेऊ नये. काठाचा एकच पट्टा निवडावा आणि तो नीट राखावा. त्यासाठी पहिलं कोणाकडे जावं? गावात, कार्यालयात की शाळेत? ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी लिहा. ‘छान उपक्रम’ एवढंच लिहायचं असेल तर अंगठा दाबा, पुरे.

---

कडकभाकरी | शनिवार, रात्री ११:०५

अंगठा दाबला बे. आता बोल, चहा कोण पाजणार?

गमतीचं सोड. पहिलं गावात जा. कार्यालयात गेलास तर अर्ज दे म्हणतील, अर्ज दिलास तर पोच घे म्हणतील, आणि तोवर हंस परत तिबेटात.

---

तुतवार | रविवार, सकाळी ७:१५

आदिलाकाठ, ‘काठाचा पट्टा’ म्हणालात ते बरं झालं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आपल्याकडे तलाव वाचवणं म्हणजे गाळ काढून खोल करणं, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की उथळ पाणी म्हणजे आजारी पाणी असंच लोकांना वाटतं.

जरा काठावर बसून बघा. चिखलावर पाण्याचा नुसता पापुद्रा असतो तिथे तुतवार आणि धोबी. घोट्याएवढ्या पाण्यात शेकाट्या, त्याचे लाल काडीसारखे पाय त्यासाठीच आहेत. थापट्या चोच पाण्यावर आडवी ठेवून वरचं पाणी गाळत फिरतो. तलवार बदक शेपटी वर आणि डोकं खाली करून तळातलं खातं, म्हणजे त्याची मान पोचेल तेवढीच खोली त्याला चालते. टिबुकली आणि पाणकावळा बुडी मारणारे, त्यांना खोल पाणी चालतं. वारकरी कुठेही निभावून नेतो.

आता जेसीबीने काठ उभा कापला तर काय होतं? पाणी तेवढंच किंवा जास्तच साठतं, कागदावर क्षमता वाढते. पण वरच्या यादीतले पहिले पाच गेले. राहिले पाणकावळे आणि वारकरी. लोक म्हणतात, यंदा पक्षी कमी का आले? आले होते की, उतरायला जागा मिळाली नाही म्हणून पुढे गेले.

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना चालू आहे. योजनेला माझा विरोध नाही, शेतकऱ्याला गाळ हवाच आहे. पण गाळ कुठून उचलायचा, यावर पक्ष्यांच्या बाजूने बोलायला कोणी नसतं. ट्रॉलीला रस्ता सोपा तिथून उचलतात, आणि रस्ता सोपा असतो तो नेमका उतरत्या काठावर.

आणखी एक. हा काठ म्हणजे एक रेघ नव्हे. नोव्हेंबरात पाणी जिथे टेकतं तिथे फेब्रुवारीत नसतं. पाणी मागे सरकतं आणि चिखलपक्षी त्याच्या मागे मागे सरकतात. म्हणजे राखायचा तो अख्खा उतार.

---

शिवारातला | रविवार, दुपारी १:३०

मी तलावाकडंच्या गावचा. नाव सांगत नाही, गाव लहान हाय.

तुतवार साहेब, तुम्ही हंसाचं कौतुक करता ते दुर्बिणीतनं. आम्ही बघतो ते हरभऱ्यात. पहाटे थवा उतरला की कवळा शेंडा खुडून मोकळं. हाकलायला जावं तर हे फोटोवाले म्हणतात, अहो हाकलू नका, फोटो घेतोय. तुमचा फोटो झाला, आमचा हरभरा गेला.

गाळाचं बी सांगतो. आमचं रान मुरमाड. त्यावर गाळ पसरला की ज्वारीचा ताटवा बघण्यासारखा होतो. पाणी धरून ठेवतंय ते. गाळ उचलू नका म्हणत कोणी आलं, तर गावात त्याला पाणी बी कोणी विचारणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

बाकी काठ राखायला माझी ना नाही. पण आधी आमचं ऐकून घ्या, मग बोर्ड लावा.

---

तुतवार | रविवार, दुपारी २:१०

अण्णा, गाळ उचलू नका असं मी म्हणतच नाही. भिंतीच्या बाजूला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी राहतं, तिथला उचला. तिथे गाळ जास्त साठलेला असतो आणि चिखलपक्ष्यांना त्या खोलीचा उपयोग नसतो. एका बाजूचा उतार तेवढा सोडा, दहा पावलं आत गेल्यावर गुडघ्याएवढं पाणी लागेल असा.

हरभऱ्याचं तुमचं बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. फोटोवाल्यांना मात्र शेतात शिरण्यापासून थांबवता येईल, ती जबाबदारी आमच्या पक्षीमित्रांची.

---

शिवारातला | रविवार, दुपारी २:४०

भिंतीकडनं ट्रॉली भरून आणायची तर डिझेल दुप्पट. त्याचं कोण बघणार?

---

मरळ | रविवार, सायंकाळी ६:२०

मी मासेमाराच्या घरातला. वडील आणि दोन्ही काका पाण्यावर जातात, मी कॉलेज करून अधूनमधून. इथे मासेमारांचं नाव फक्त ठेक्याच्या ओळीत आलंय, म्हणून लिहितोय.

कटला, रोहू, मृगळ हे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, सोडून वाढवायचे मासे, साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. चिलापी कुठेही वाढते, तिला भाव नाही. खरा पैसा मरळीत. आणि मरळ उथळ गवताळ काठालाच अंडी घालते. पिलं बाहेर पडली की लालसर दाण्यांचा घोळका पाण्यावर हलताना दिसतो आणि त्याच्या खालून आई-बाप राखण करत फिरतात. अशा घोळक्यावर जाळं टाकायचं नाही, असं आमच्यात जुने लोक सांगतात. हल्ली सगळेच पाळतात असं नाही.

म्हणजे काठ उभा कापला तर तुतवारांचे पक्षी जातात आणि आमची मरळ पण जाते. हे कोणी आम्हाला विचारायलाच आलं नव्हतं.

एक गोष्ट आमच्याही बाजूची सांगतो. फाटलेलं नायलॉनचं जाळं लोक काठावरच टाकून देतात. ते कुजत नाही. त्यात पाय अडकून वारकरी, बगळे मरतात, साप अडकतात, मासे पण अडकून सडतात. फाटकं जाळं परत घेऊन कोणी किलोवर थोडे पैसे दिले तर काठ आठवड्यात साफ होईल. भाषणाने होणार नाही.

---

कडकभाकरी | रविवार, सायंकाळी ६:३५

हे बघ, धाग्याचं सोनं झालं. हंसाला जागा पाहिजे आणि मरळीला पण तीच जागा पाहिजे. आता मरळीच्या कालवणासाठी मी सुद्धा पर्यावरणवादी.

---

वकील_जुळेसोलापूर | रविवार, रात्री ९:००

कायद्याची बाजू मांडतो, कारण बैठकीत कोणीतरी हमखास म्हणणार: ‘रामसर करून टाका.’

रामसर हा पाणथळ जागा राखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार, २ फेब्रुवारी १९७१ चा, भारत १९८२ मध्ये सामील झाला. महाराष्ट्रात रामसर स्थळं तीन: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. त्या करारात मानवनिर्मित जलाशयही बसतात, नांदूर मध्यमेश्वर हा बंधाऱ्यामागचाच फुगवटा आहे. पण आपल्या देशातले २०१७ चे पाणथळ जागा नियम वाचा. पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे त्यांच्या व्याख्येतून वगळले आहेत. एकरूख तलाव दोन्हींत मोडतो. म्हणजे त्या नियमांचा दंडुका उगारून काठ वाचवायचा बेत असेल, तर पहिल्याच सुनावणीत समोरचा वकील ही ओळ वाचून दाखवेल.

मग हातात काय आहे? एक, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. पक्षी कुठल्या प्रकारच्या पाण्यावर बसलाय हे तो विचारत नाही. शिकारीला, फासे लावण्याला तो लागू होतोच. दोन, २००२ चा जैवविविधता कायदा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ही वही एकदा भरून कपाटात गेलेली असते. ती काढा. मरळीची विणीची जागा, हंसांची उतरायची जागा, गाळपेरीच्या सर्व्हे नंबरांसह तीत लिहा आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या. उद्या गाळाचा प्रस्ताव आला की ‘इथून नको, तिथून घ्या’ म्हणायला गावाच्याच सहीचा कागद असेल.

ज्या तलावाला नियमांचं कवच आहे तिथे तक्रार करून भागतं. इथे ते नाही, त्यामुळे गाव आणि मासेमार सोबत नसतील तर तुमच्याकडे काहीच नाही.

---

मोकळा_श्वास | रविवार, रात्री १०:१५

सगळं वाचलं, पण एक प्रश्न. लोकांना तलाव दिसलाच नाही तर त्यांना त्याचं प्रेम कसं वाटणार? सोलापुरात रविवारी कुटुंब घेऊन जायला जागा किती आहेत? छान चालायचा ट्रॅक, दिवे, बसायला बाकडी, थोडं बोटिंग केलं तर लोक येतील, आपोआप जागृती होईल. सगळीच कामं फक्त पक्ष्यांसाठी का?

---

तुतवार | रविवार, रात्री १०:५०

लोक यावेत, पण कुठे यावेत ते ठरवू. धरणाच्या भिंतीवर या, तिथून पाणी छान दिसतं आणि भिंत आधीच आहे. उतरत्या काठाला काँक्रीटची कड, पेव्हर ब्लॉक आणि दिवे लागले की चिखलपट्टा संपला. बदकं रात्री खातात, प्रखर उजेडात ती बसत नाहीत. बोटिंगबद्दल मरळलाच विचारा, मोटरबोट त्याच्या जाळ्यावरून गेली की काय होतं ते.

बाकडी हवीत तर भिंतीकडे ठेवा, माझीही पाठ दुखते.

---

मोकळा_श्वास | रविवार, रात्री ११:०५

मान्य अर्धवट. लहान मुलांना लांबून ठिपके दाखवून काय होणार? स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी मोठी दुर्बीण, ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी.

---

सुनंदा_बाई | सोमवार, दुपारी ४:२०

मी शाळेत शिकवते, विज्ञान आणि भूगोल. जनजागृतीच्या नावाने शाळांत काय होतं ते मी सांगते: चित्रकला स्पर्धा. पन्नास मुलं पन्नास कमळं काढतात, दहा मोर काढतात, तीन बक्षिसं वाटली जातात. हिप्परग्यात मोर पोहतो का, असं मी एकदा परीक्षकांना विचारलं होतं, ते रागावले.

त्यापेक्षा मुलांना मोजायला द्या. पाणी किती गढूळ आहे हे मोजायची एक साधी तबकडी असते, सेकी तबकडी म्हणतात. वीस सेंटिमीटर व्यासाची. आम्ही स्टीलची जुनी ताटली घेतली, तिचे चार भाग आखून आलटून पालटून काळा-पांढरा ऑइलपेंट लावला, मधोमध भोक पाडून नट-बोल्टने खाली वजन अडकवलं आणि वर दोरी. दोरीला दर दहा सेंटिमीटरला लाल दोऱ्याची खूण. ताटली पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते तिथे आकडा बघायचा. मग हळूहळू वर ओढायची, पुन्हा दिसू लागते तिथे दुसरा आकडा. दोन्हींची सरासरी. सावलीच्या बाजूने बघायचं, नाहीतर चकाकीमुळे फसतं. आधी शाळेच्या पाण्याच्या टाकीत सराव केला, मुलांनी टाकीत काय काय पडलंय ते शोधून काढलं, तो वेगळाच अहवाल झाला.

हे दर महिन्याला एकाच जागी, साधारण त्याच वेळी केलं की वर्गाच्या भिंतीवर आलेख तयार होतो. पावसाळ्यात आकडा का घसरला, गाळ काढायचं काम चालू असताना काय झालं, हे मुलं स्वतः विचारतात. पण मुलांना काठावरून पाण्यात वाकू देणार नाही मी. होडी हवी, लाइफ जॅकेट हवं आणि होडीवर पाण्यातला माणूस हवा. मरळ, तुमचे काका तयार होतील का? आमच्याकडून मानधन देता येईल, फुकट नको.

आणि भाषेचं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही माध्यमांच्या शाळा आहेत. माहितीचा फलक एकाच भाषेत लावून निम्म्या शहराला आपण बाहेर ठेवतो.

---

मरळ | सोमवार, सायंकाळी ७:०५

बाई, काका तयार आहेत. फक्त सकाळी जाळी काढून आल्यावर, म्हणजे दहानंतर. पोरं दोन-दोनच बसवा. आमच्याकडे जॅकेटं नाहीत, ती तुम्ही आणा.

---

पूर्वभाग | सोमवार, रात्री ९:४०

बाईंशी सहमत. मी पूर्व भागातला, घरात तेलुगू. आमच्या गल्लीत मराठीतून घोषणा झाली की लोक मान डोलावतात आणि विडीच्या सुपाकडे परत वळतात. तेच आमच्यातलं कोणी तेलुगूत बोललं की बायका प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न असतो, ‘हे नळाला येणारं पाणी का?’

तिथूनच सुरुवात करा. हंस-बिंस नंतर. नळाच्या पाण्याचा एक वाटा त्या तलावातून येतो, त्याच्या गाळपेरीत खत-औषध फवारलं की पावसाळ्यात ती जमीन पुन्हा पाण्याखाली जाते आणि जे काही मातीत आहे ते पाण्यात येतं. हे दोन वाक्यांत समजतं.

पक्ष्यांबद्दल म्हणाल तर आमची आजी लांब मानेच्या सगळ्यांना ‘कोंगा’च म्हणते. चित्रबलाक दाखवला तरी कोंगा. तेवढ्याने काही अडत नाही.

---

शिवारातला | सोमवार, रात्री १०:२०

गाळपेरीवर आलातच तर ऐका. गाळपेरीला खत फार लागत नाही, गाळच खत असतो. औषध मात्र मारावं लागतं, घाटेअळी कोणाला सोडत नाही. निंबोळी अर्क वापरा म्हणता ना, वापरू. पण तो वेळेवर आणि जवळ मिळाला पाहिजे. कृषी सहायकाला बैठकीत बोलवा.

आणि ती गाळपेर वर्षाच्या भाडेपट्ट्यावर असते. पुढच्या वर्षी तीच जमीन मलाच मिळंल का माहीत नाही, मग मी तिची काळजी का करू? हा मुद्दा लिहून घ्या, याचं उत्तर कोणी देत नाही.

---

विजापूररोड | मंगळवार, सकाळी ८:३०

हिप्परग्याचाच धागा आहे हे मान्य, पण कंबर तलावाचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून थोडं.

जलपर्णी काढणं हा खेळ कधीच संपत नाही, जोवर सांडपाणी आत येतंय. तिला लागतं नत्र आणि स्फुरद, आणि ते सांडपाण्यात भरपूर. कोमट पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. बी चिखलात कित्येक वर्षं तग धरतं. काढून काठावर ढीग घातला तर पावसात निम्मी परत पाण्यात, उरलेली काठावर कुजून तिच्यातलं सगळं परत पाण्यात. काढली की त्याच दिवशी लांब नेऊन टाकायची, ही अट कंत्राटात नसेल तर ते काम काम नव्हे.

आणि पाणी हिरवंगार झाल्यावर पहाटे मासे तरंगायला लागले, तर लगेच ‘विष टाकलं’ म्हणून ओरडू नका. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच खातं. ढगाळ हवा दोन-तीन दिवस राहिली की पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपतो. कारण तेच, सांडपाणी. हिप्परग्यात अजून ही वेळ आली नसेल तर पाणलोटात नव्या वसाहतींचे नाले कुठे सोडलेत ते आत्ताच बघून ठेवा. नंतर बघून उपयोग नसतो.

---

आदिलाकाठ | मंगळवार, रात्री १०:३०

तीन दिवसांत जे मिळालं ते मला वर्षभरच्या मोहिमांत मिळालं नव्हतं. काही गोष्टी ठरवून टाकतो, काही लोंबकळत ठेवतो.

पहिलं जायचं गावात, हे नक्की. मासेमार संस्था आणि गाळपेर करणारे शेतकरी आधी, कार्यालयं नंतर. अर्ज लिहायचा तर त्यावर ग्रामसभेचा ठराव जोडूनच. वकीलसाहेब, मसुदा तुमच्याकडे. नोंदवहीचंही तुम्हीच बघा, गावातले दोन जाणते आणि तुतवार सोबत येतील.

पट्टा कुठला, हे मरळ आणि शिवारातले अण्णा सांगतील. आपण नकाशावर बोट ठेवायचं नाही. मरळ अंडी घालते आणि ट्रॉली तशीही जात नाही, अशी जागा निघाली तर निम्मं भांडण तिथेच मिटेल.

मोजणी जानेवारीत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तिच्या पद्धतीने मोजलं तर आपले आकडे इतर ठिकाणांशी ताडून बघता येतील. सुरुवातीचा आकडा नसेल तर पुढे सुधारणा झाली की नाही हे कशावरून सांगणार?

जनजागृतीसाठी माझ्या डोक्यात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आहे. संक्रांतीला होम मैदानावर अख्खा जिल्हा येतो, शेजारून कर्नाटक-तेलंगणातूनही लोक येतात. ज्या सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन तळं खोदलं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, त्यांच्याच यात्रेत तळ्याबद्दल बोलायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. एक स्टॉल, चार भाषांत बोलणारी चार पोरं, बाईंची ताटली आणि काचेच्या दोन टाक्या: एकीत काठावरचं पाणी, दुसरीत नाल्याच्या तोंडचं. भाषण नाही. आणि नेमके तेच दिवस नायलॉन मांजाचे, तेव्हा पतंगवाल्या पोरांशी बोलायलाही तीच जागा.

लोंबकळत काय राहिलं: ट्रॉलीचं जादा डिझेल, हंसांनी खाल्लेला हरभरा, आणि भाडेपट्टा एका वर्षाऐवजी जास्त मुदतीचा करता येईल का. यातलं पहिलं वर्गणीतून थोडंफार जमेल. बाकी दोन्हींसाठी कार्यालयात बसावंच लागेल.

---

वकील_जुळेसोलापूर | मंगळवार, रात्री ११:००

मसुदा करतो. ‘पुनरुज्जीवन’, ‘शाश्वत’, ‘लोकसहभाग’ हे शब्द त्यात नसतील. सर्व्हे नंबर, दिशा, खोली आणि महिने असतील. कार्यालयात तेच वाचलं जातं.

---

तुतवार | बुधवार, सकाळी ६:५०

हरभऱ्यावर एक सुचवतो, पटलं तर बघा. राखीव उतारावर गाळपेर न करता नुसतं गवत राहू दिलं तर हंस आधी तिथे चरतील. हंस मुळात गवत खाणारा पक्षी. हरभरा पूर्ण वाचेल असं मी म्हणणार नाही, पण कवळं गवत पाण्याला लागून मिळालं तर तो लांब उडण्याचा त्रास कमी घेईल. एक हंगाम करून बघायला हरकत नाही, मोजणी आहेच. आणि शेतकऱ्याने आपल्या रानातून हंस हाकलला, दगड न मारता, तर त्यावर आमच्यातलं कोणी बोलणार नाही, हे मी गटात लिहून टाकलंय.

---

शिवारातला | बुधवार, दुपारी १२:४५

हे जमण्यासारखं हाय. पण गवत राखलं की शेळ्या येणार. शेळीवाल्यांना बी बैठकीला बोलवा, नाहीतर तुमचं गवत आठ दिवसांत साफ.

---

कडकभाकरी | बुधवार, दुपारी १:००

पाच धनी म्हणत होतास, सहावा निघाला.

---

आदिलाकाठ | बुधवार, रात्री ९:१५

बोलवू. बैठक येत्या रविवारी सकाळी आठला ठेवतो, चालेल?

---

शिवारातला | बुधवार, रात्री ९:४०

सकाळी नको. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची हाय, पहाटेपर्यंत ज्वारीला पाणी धरतोय. आठला कोणी उठणार नाही. दुपारी चारला या, पारावर. आणि बॅनर आणू नका.

---

मरळ | बुधवार, रात्री ९:५५

चारला आम्ही पण मोकळे. पाचनंतर काका जाळी टाकायला निघतात, तेव्हा तासाभरात आटपा.

---

सुनंदा_बाई | बुधवार, रात्री १०:१०

मी ताटली घेऊन येते. जॅकेटं एका ओळखीच्या पोहण्याच्या क्लासमधून चार मिळतील, मोठ्या मापाची आहेत, मुलांना दोरीने आवळावी लागतील. मुलांच्या मापाची कोणाकडे आहेत का?